वर जाणारा चेंडूही पडतच असतो

सागरगोट्यांचा डाव डोळ्यांसमोर आणा. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे दोन, तीन, चार गोटे मुठीत गोळा करायचे आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. चांगली खेळणारी मुलगी गोटा उडवते ती हातभरच, चाळीसएक सेंटिमीटर. तेवढ्या उंचीला हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात येईपर्यंत ०.५७ सेकंद मिळतात. गोटे लांब पसरले असले की ती जरा उंच उडवते. पण दुप्पट उंच उडवून वेळ दुप्पट होत नाही. दुप्पट वेळ हवा असेल तर चौपट उंच, म्हणजे एक मीटर साठ सेंटिमीटर उडवावं लागतं, आणि एवढ्या उंचावरून येणारा गोटा नेमका कुठे उतरेल याचा भरवसा उरत नाही. म्हणून कसलेली खेळाडू उंची वाढवत बसत नाही, हात चपळ करते. वर्ग आणि वर्गमूळ तिने कागदावर मांडलेलं नसतं, पण मनगटाला ते ठाऊक असतं.

वर फेकलेल्या वस्तूचं गणित तसं चार ओळींचं. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात ते येतं, उदाहरणं सुटतात, मार्क मिळतात. तरी एक प्रश्न विचारून पाहावा: चेंडू अगदी वरच्या टोकाला असतो त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? चटकन येणारं उत्तर असतं ‘शून्य’. कारण विचारलं तर ‘तिथे तो थांबतो ना’. पुढे कुणी असंही सांगतं की तिथे वरचा जोर आणि खालची ओढ सारखी होते. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती चूक हिशेबातली नाही, चित्रातली आहे. टोकाला वेग शून्य असतो हे खरं. त्वरणही शून्य असतं तर वेग शून्य आणि त्यात बदलही शून्य, म्हणजे चेंडू तिथेच हवेत लटकून राहिला असता. तो राहत नाही, कारण त्या क्षणीही त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच असतं, खालच्या दिशेने. हातातून सुटताना होतं तेवढंच, पुन्हा हातात पडताना असेल तेवढंच.

‘थांबतो’ हा शब्दच फसवा आहे. टोकाच्या एक शतांश सेकंद आधी चेंडू सेकंदाला ९.८ सेंटिमीटर वेगाने वर चाललेला असतो, एक शतांश सेकंद नंतर तेवढ्याच वेगाने खाली. मध्ये तो शून्यातून जातो, पण शून्यावर मुक्काम करत नाही. थंडीच्या रात्री पारा अधिक दोनवरून उणे दोनवर उतरताना शून्याला टेकतो, तसंच हे.

गैरसमजाचं मूळ आपल्या ‘जोर’ या शब्दात आहे. जोराने फेकला, जोर ओसरला, जोर संपला म्हणून खाली आला. बोलण्यापुरतं हे ठीक. पण त्यामागे एक चित्र दडलेलं असतं: हाताने चेंडूत काहीतरी भरलं, ते वाटेत खर्च झालं, आणि ते संपल्यावर पृथ्वीची पाळी आली. हे चित्र अडाणीपणाचं नाही. मोठमोठ्या बुद्धिमंतांनी ते मांडलं आहे. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात बाणाची गती अशीच समजावली आहे. पहिली हालचाल ढकलण्यामुळे, म्हणजे नोदनामुळे, पुढची त्यातून निर्माण झालेल्या संस्कारामुळे, आणि मग ‘संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्’. संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे पतन. ज्या शब्दाने आज आपण हा विषय शिकतो तो ‘गुरुत्व’ शब्द तिथे इतक्या स्वच्छपणे वापरलेला आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस आणि चौदाव्या शतकात पॅरिसचा ब्युरिदान यांनीही फेकणाऱ्याने वस्तूत घातलेल्या अशाच गुणाची कल्पना केली होती. तरुणपणी पिसा शहरात असताना गॅलिलिओचाही त्यावर विश्वास होता. तो मागे टाकायला त्याला पुढची कित्येक वर्षं लागली. तेव्हा वर्गातल्या मुलाने ‘जोर संपतो’ म्हटलं तर त्याला हसू नये. त्याला मोजायला शिकवावं.

हाताचं काम कुठे संपतं ते आधी पाहू. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला दहा मीटर वेगाने सरळ वर सोडायचा आहे. हात साधारण अर्धा मीटर वर सरकतो. तेवढ्या अंतरात शून्यावरून दहापर्यंत वेग आणायला एक दशांश सेकंद लागतो आणि चेंडूला सुमारे १७.६ न्यूटन बल द्यावं लागतं, तळव्यावर १.८ किलोचं ओझं असल्यासारखं. मग हात मंदावू लागतो, चेंडू मंदावत नाही, आणि दोघांची फारकत होते. त्या क्षणापासून हाताचं बल पूर्ण शून्य. हळूहळू ओसरणारं नव्हे, एकदम शून्य. चेंडूपाशी उरतो तो वेग, आणि वेग म्हणजे बल नव्हे. त्याच्यावर आता एकच मोठं बल आहे, त्याचं स्वतःचं वजन, १.५७ न्यूटन. हवेचं पुढे पाहू.

आता सोपे आकडे घेऊ. चेंडू सेकंदाला ४.९ मीटर वेगाने वर सोडला. पृथ्वीची ओढ नसती तर तो दर दशांश सेकंदाला ४९ सेंटिमीटर वर चढत राहिला असता: ४९, ९८, १४७, १९६, २४५. प्रत्यक्षात तो हातापासून असतो ४४.१, ७८.४, १०२.९, ११७.६ आणि १२२.५ सेंटिमीटरवर. या दोन रांगांतला फरक काढा. ४.९, १९.६, ४४.१, ७८.४, १२२.५. हे आकडे ओळखीचे आहेत: हातातून नुसता सोडून दिलेला चेंडू पहिल्या अर्ध्या सेकंदात दर दशांशाला एवढाच पडतो. म्हणजे वर फेकलेला चेंडू ज्या सरळ वाटेने गेला असता तिच्यापासून तो पहिल्या क्षणापासून खाली पडतो आहे, आणि सोडून दिलेल्या चेंडूइतकाच पडतो आहे. वर चढणं हातातून मिळालेल्या वेगाचं, पडणं पृथ्वीचं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, एकमेकांची वाट न पाहता. आधी जोर संपेल आणि मग पडणं सुरू होईल, असा क्रम नाहीच. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

त्याच आकड्यांत आणखी एक गंमत आहे. दर दशांश सेकंदात चेंडूने कापलेली अंतरं पाहा: ४४.१, ३४.३, २४.५, १४.७, ४.९. प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा बरोबर ९.८ सेंटिमीटरने कमी. सगळ्यांना ४.९ ने भागा: ९, ७, ५, ३, १. हीच विषम संख्यांची ओळ गॅलिलिओने १६३८ साली पडणाऱ्या वस्तूंसाठी छापली. खाली येताना ती १, ३, ५, ७, ९ अशी उलटी वाचायची, एवढाच फरक.

इथे शाळेतल्या एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. ‘वर जाताना जी ऋण, खाली येताना जी धन’ असं पाठ करून घेतात. जी म्हणजे गुरुत्व त्वरण, तेच ९.८. उदाहरणं त्याने सुटतात, पण मुलाच्या मनात बसतं की टोकाला काहीतरी पालटलं. पालटत काहीच नाही. एकच दिशा धन धरावी, वरची म्हणा, आणि प्रवास संपेपर्यंत ती सोडू नये. पंधरा मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू दहाच्या वेगाने वर फेकला, जमिनीवर कधी पोचेल? जी दहा धरा. दोन तुकडे करायची गरज नाही. विस्थापन उणे १५, ते बरोबर दहा गुणिले काळ उणे पाच गुणिले काळाचा वर्ग. सोडवलं की काळ येतो तीन सेकंद, आणि दुसरं उत्तर उणे एक. ते उणे एक विद्यार्थी निरर्थक म्हणून खोडतात. ते निरर्थक नाही. हाच चेंडू जमिनीवरून फेकला गेला असता तर एक सेकंद आधी, वीसच्या वेगाने निघाला असता आणि गच्चीपाशी बरोबर दहाच्या वेगाने पोचला असता. समीकरणाला गच्ची ठाऊक नाही, त्याला अख्खी वाट ठाऊक आहे.

कागदावर पटलेलं डोळ्यांना दाखवायचं असेल तर एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तळापासून दोन बोटं वर तापवलेल्या दाभणाने तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडावं. भोकावर बोट ठेवून बाटली दोन तृतीयांश भरावी, झाकण काढूनच ठेवावं. बोट काढलं की धार लागते, कारण तळाशी पाण्याचा दाब आहे, आणि दाब आहे कारण खालचं पाणी वरच्या पाण्याचा भार पेलतं आहे. आता बाटली उभी धरून मीटरभर सरळ वर उडवावी, शक्यतो अंगणात. हात ढकलत असताना धार जास्त जोमाने उडते. हात सुटला की धार बंद. टोकाला नव्हे, पडताना नव्हे, हात सुटला त्या क्षणी, बाटली अजून वेगाने वर चाललेली असताना. पाणी आणि बाटली दोघंही सारखीच पडत असल्यामुळे कुणी कुणाचा भार पेलत नाही आणि दाबच उरत नाही.

फसतं ते दोन ठिकाणी. बाटली गिरकी घेत गेली तर फिरण्यामुळे पाणी बाहेर फेकलं जातं आणि धार चालू असल्यासारखी दिसते. म्हणून दोन्ही हातांनी, तळाला आधार देऊन उडवावी. दुसरं, सुटण्याआधी बाहेर पडलेलं पाणी बाटलीच्या सोबतीनेच वर जातं, भोकाजवळ धाग्यासारखं लोंबकळतं, आणि नुसत्या डोळ्याला वाटतं की धार अजून आहे. मोबाइलवर संथ चित्रण करून पाहिलं की शंका राहत नाही.

मोबाइलमध्येच याहून नेमका साक्षीदार बसलेला आहे, त्याचा त्वरणमापक. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप त्याचे आकडे थेट दाखवतं. ‘जी धरून त्वरण’ असा पर्याय निवडावा, नोंद सुरू करावी, फोन टॉवेलात घट्ट गुंडाळावा आणि गादीवर उभं राहून अर्धा मीटर वर उडवून झेलावा. आलेख असा येतो: हातात स्थिर असताना ९.८ च्या आसपास, ढकलताना उंच सुळका, मग एकदम शून्याजवळ, आणि झेलताना पुन्हा सुळका. अर्ध्या मीटरच्या फेकीला शून्याचा तो सपाट पट्टा ०.६४ सेकंदांचा येतो. त्याच्याकडे नीट पाहावं. चढाव कुठे संपला, टोक कुठे आलं, उतार कुठे सुरू झाला, हे त्यावरून अजिबात ओळखता येत नाही. फोनच्या दृष्टीने टोक नावाची काही घटनाच घडलेली नसते.

पट्टा शून्यावर न येता वर राहिला तर संवेदकाला दोष देण्याआधी फिरकी तपासावी. संवेदक फोनच्या मध्यापासून चार सेंटिमीटरवर असेल आणि फोन सेकंदाला दोन गिरक्या घेत असेल, तर नुसत्या फिरण्यामुळे सहाच्या वर आकडा दिसतो. एका गिरकीला दीड. फिरकीच्या वर्गाने वाढणारी ही चूक आहे, त्यामुळे फोन आडवा धरून, तळव्यावरून लिफ्टसारखा उचलून सोडणं बरं.

जीचं प्रत्यक्ष मोजमाप करायचं तर सेकंदाला २४० चौकटींचं संथ चित्रण पुरतं. रबरी किंवा क्रिकेटचा चेंडू घ्यावा, पिंगपाँगचा नको. भर उन्हात चित्रण करावं, कारण प्रकाश कमी असला की कॅमेरा प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवतो: एक साठांश सेकंदात पाचच्या वेगाचा चेंडू आठ सेंटिमीटरचा पट्टा होऊन बसतो, एक सहस्रांशात तो अर्धा सेंटिमीटरच फराटा सोडतो. अंधारात काही फोन चौकटींची गतीही गुपचूप कमी करतात. फोन तीन-चार मीटर लांब, फेकीच्या निम्म्या उंचीवर, स्टँडवर सरळ उभा हवा. वर तोंड करून धरला तर वरची अंतरं आखडतात. जास्त रुंद दिसणारी लेन्स वापरू नये, ती कडांना चित्र ताणते.

सर्वांत मोठी चूक मात्र मोजपट्टीची असते. पट्टी भिंतीवर चिकटवतात आणि चेंडू भिंतीच्या मीटरभर पुढे उडवतात. कॅमेरा चेंडूपासून तीन मीटरवर असेल तर पट्टी चारवर, आणि चेंडूचा एक मीटर भिंतीवर १.३३ मीटर मोजला जातो. उत्तर येतं १३. मुलं आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसतात, चूक आकडेमोडीत नसतेच. पट्टी चेंडूच्याच प्रतलात उभी करावी. उलट टोकाची चूक म्हणजे संथ चित्रफीत दिसते त्या गतीनेच वेळ मोजणं. २४० ची फीत ३० ने चालते, वेळ आठपट ताणलेला असतो, आणि जी चौसष्टपट लहान, ०.१५ येतो. असा आकडा आला की कारण शोधत बसायला नको.

दर चोविसाव्या चौकटीला, म्हणजे दशांश सेकंदाला, चेंडूचं स्थान टिपावं. ट्रॅकर नावाची मोफत संगणक प्रणाली हे काम चांगलं करते. मात्र लागोपाठच्या दोन अंतरांतल्या एकाच फरकावर विसंबू नये. प्रत्येक स्थान अर्धा सेंटिमीटर चुकलं तरी त्या फरकात एक-सव्वा सेंटिमीटरची चूक येते, आणि ९.८ वर ती बारा टक्के होते. सगळ्या बिंदूंवरून वेग-काल आलेख काढावा आणि त्याचा चढ मोजावा. सुटल्यापासून झेलेपर्यंत एकच तिरकी सरळ रेषा येते, शून्याला छेदताना तिला ना कोन ना वळण. महाराष्ट्रात चढ ९.७९ च्या जवळ यायला हवा. मुंबईच्या अक्षांशाला ९.७८६. पाठ्यपुस्तकातला ९.८१ जुळत नाही म्हणून हळहळू नये, अर्थात घरच्या मोजमापात तिसऱ्या अंकापर्यंत पोचणंच कठीण.

कॅमेरा नसेल तर नुसतं घड्याळ घ्या आणि एक सोपा नियम लक्षात ठेवा. हातातून हातात येईपर्यंतच्या सेकंदांचा वर्ग करा आणि त्याची सव्वापट करा, तेवढे मीटर चेंडू वर गेला. जी भागिले आठ म्हणजे १.२२५, म्हणून सव्वा. दोन सेकंदांना पाच मीटर, तीनला सव्वाअकरा, चारला वीस. वेळेत दहा टक्के चूक झाली तर उंचीत वीस टक्के होते, त्यामुळे दहा फेकींची सरासरी घ्यावी. आणि ज्या उंचीवर सोडला त्याच उंचीवर झेलावा. डोक्याजवळ सोडून छातीपाशी झेलला तर साठ सेंटिमीटरचा प्रवास जास्त होतो. दोन सेकंदांच्या फेकीत त्याने उंची सहा टक्क्यांनी फुगते. ‘हवेमुळे खाली यायला जास्त वेळ लागला’ असं म्हटलं जातं, तेव्हा बऱ्याचदा कारण हा वाकलेला हात असतो.

चार सेकंदांचा, वीस मीटरचा उंच झेल का सुटतो, तेही याच आकड्यांत आहे. कोणत्याही उभ्या फेकीत चेंडू निम्मा वेळ वरच्या पाव उंचीत काढतो. वीस मीटरच्या झेलात वरच्या पाच मीटरमध्ये तो दोन सेकंद घालवतो. क्षेत्ररक्षकाला तो वर तरंगतोय असं वाटतं, पाय स्थिरावतात, आणि मग उरलेले पंधरा मीटर तो एका सेकंदात खाली येतो. ज्याने चेंडू वर असतानाच जागा गाठली तोच झेल घेतो.

आता हवा. क्रिकेटचा चेंडू साधारण सेकंदाला पस्तीस मीटरच्या वेगाने पडू लागला की हवेचा रोध त्याच्या वजनाइतका होतो. टेनिसच्या चेंडूसाठी तो वेग बाविसच्या आसपास, पिंगपाँगच्या २.७ ग्रॅमच्या चेंडूसाठी जेमतेम नऊ. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पाचच्या वेगाने उडवलेल्या क्रिकेटच्या चेंडूवर सुरुवातीला तो वजनाच्या दोन टक्केच असतो. पण तोच चेंडू तीसच्या वेगाने आकाशात गेला तर गोष्ट बदलते. हवा नसती तर तो सेहेचाळीस मीटर चढला असता. हवेत सुमारे चौतीस. वर जायला अडीच सेकंद, खाली यायला पावणेतीनच्या किंचित वर, आणि तीसने निघालेला हातात येतो तेविसाच्या आसपास. पिंगपाँगचा चेंडू दहाच्या वेगाने मारला तर पाच मीटरऐवजी सव्वातीनच चढतो.

खाली यायला जास्त वेळ का, हे आकडेमोडीशिवायही कळतं. वाटेतली कोणतीही एक उंची घ्या. चेंडू तिथून वर जाताना गेला, खाली येताना पुन्हा गेला, आणि मधल्या काळात हवेने त्याची थोडी ऊर्जा काढून घेतली. म्हणून परतताना प्रत्येक उंचीवर त्याचा वेग कमी. अंतर तेच, वेग कमी, म्हणजे वेळ जास्त. सव्वापटीचा नियम मात्र हवेतही आश्चर्यकारक टिकतो. वरच्या क्रिकेटच्या चेंडूचा एकूण वेळ ५.३ सेकंद, वर्ग करून जी भागिले आठने गुणलं की चौतीसच येतात. चढाव आखडतो आणि उतार लांबतो, दोन्ही चुका एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात.

हवेमुळे त्वरण मात्र वाटेत सारखं राहत नाही. वर जाताना रोध आणि वजन दोन्ही खाली ओढतात, त्यामुळे त्वरण ९.८ पेक्षा जास्त. खाली येताना रोध वर ढकलतो, त्यामुळे कमी. आणि टोकाला? तिथे वेग शून्य, म्हणून रोधही शून्य. हवेच्या प्लावक बलामुळे, म्हणजे वस्तूला वर उचलणाऱ्या बलामुळे, वजनात होणारी घट तेवढी उरते, ती क्रिकेटच्या चेंडूला हजारात दीड भागाएवढी. म्हणजे ज्या क्षणाबद्दल ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ असं सर्रास म्हटलं जातं, तोच अख्ख्या प्रवासातला असा एकमेव क्षण आहे की जिथे हवेची ढवळाढवळ थांबते आणि चेंडू जवळजवळ निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या हाती असतो.

उंचीमुळे ओढ कमी होते म्हणावं तर वीस मीटरवर ती दहा लाखांत सहा भाग घटते. चारशे किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकातही ती ८.७ असते. तिथली माणसं तरंगतात ती बाटलीतल्या पाण्यासारखी, सोबत पडत असल्यामुळे.

पृथ्वीच्या फिरण्याचाही एक बारीक हिशेब आहे. सरळ वर फेकलेला चेंडू किंचित पश्चिमेला उतरतो. आपल्या अक्षांशाला दहाच्या वेगाच्या फेकीत जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे घरी मोजायचा विचारही नको.

जिथे गुरुत्व त्वरण आठ-नऊ अंकांपर्यंत मोजतात तिथेही वर फेकण्याची युक्ती वापरली गेली आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ॲलन कुक यांनी निर्वात नळीत काचेची गोळी वर उडवून तिचा काळ मोजला. पॅरिसजवळ सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयात साकुमा यांनी तशाच उभ्या फेकीवर मोजमाप उभारलं, आणि इटलीत तोरिनोचं उपकरणही याच पद्धतीचं आहे. एक खालची आणि एक वरची पातळी ठरवायची. गोळी खालच्या पातळीतून वर जाऊन परत येईपर्यंतचा काळ, आणि वरच्या पातळीचा तसाच काळ. दोन्ही काळांच्या वर्गांतल्या फरकाने पातळ्यांमधल्या अंतराच्या आठपटीला भागलं की जी हातात येतो. कुठून फेकली, किती वेगाने फेकली, नेमकं टोक कुठे, हे काहीच माहीत असावं लागत नाही. शिवाय नळीत उरलेल्या विरळ हवेचा वेगाच्या प्रमाणातला रोध जाताना आणि येताना उलटा लागतो आणि बव्हंशी पुसला जातो. घरी संथ चित्रणात दोन दोऱ्या आडव्या बांधून हेच करता येतं, आणि वाकलेल्या हाताची चूक त्यात शिरतच नाही.

सेकंदसुद्धा आता असाच मोजतात. सीझियमच्या कारंज्याचं घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही आहे. लेसरने थंड केलेल्या अणूंचा लहानसा गोळा सेकंदाला चारेक मीटर वेगाने वर उडवतात. वर जाताना तो सूक्ष्मलहरींच्या पोकळीतून जातो, पोकळीच्या वर साधारण तीस सेंटिमीटर चढतो, आणि परतताना त्याच पोकळीतून पुन्हा जातो. सव्वापटीचा नियम लावून पाहा: दोन भेटींमध्ये अर्धा सेकंद. हा काळ जितका मोठा तितकी वारंवारतेची मोजणी बारीक. १९५०च्या दशकात अमेरिकेत जेरॉल्ड झकारायस यांनी न थंडावलेल्या अणूंचं कारंजं करून पाहिलं होतं. ज्या मंद अणूंवर त्यांची भिस्त होती त्यांना वेगवान अणूंनी वाटेतच उधळून लावलं. थंड अणूंचं कारंजं जमायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. आजही तो अर्धा सेकंद वाढवून एक करायचा म्हटलं तर गोळा पोकळीच्या वर तीसऐवजी एकशेवीस सेंटिमीटर न्यावा लागेल, आणि तितक्या वेळात अणू आडवे पसरत जाऊन परतीला पोकळीच्या अरुंद तोंडातून बरेचसे निसटतील.